दाद द्यायची कुणाला, मागायची कुणी?

मराठीत ‘दाद’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळी कामे करतो. गवयाच्या तानेला आणि नटाच्या अभिनयाला आपण दाद देतो, आणि अन्याय झालेला माणूस कोर्टाच्या दारात दाद मागतो. शब्द फारसीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थच मुळी न्याय असा आहे. ‘तो मी नव्हेच’ या नाटकात हे दोन्ही अर्थ एकाच रंगमंचावर समोरासमोर उभे राहतात. आचार्य अत्र्यांनी माधव काझीच्या खऱ्या खटल्यावरून लिहिलेले हे नाटक १९६२ मध्ये रंगभूमीवर आले. पिंजऱ्यातला लखोबा लोखंडे आपण निपाणीचे तंबाखूचे व्यापारी आहोत, दिवाकर दातार नावाच्या इसमाशी आपला काहीही संबंध नाही, असे थंडपणे सांगतो, स्वतःचा खटला स्वतः चालवतो आणि साक्षीला आलेल्यांना शब्दांत पकडतो. फिरता रंगमंच एकदा न्यायालय दाखवतो आणि एकदा त्याने नाव-वेश बदलून उद्ध्वस्त केलेले संसार. प्रभाकर पणशीकरांनी ही सगळी सोंगे हजारो प्रयोगांत उभी केली. लखोबाच्या हजरजबाबीपणाला प्रेक्षक हसून दाद देत, आणि हा माणूस सुटता कामा नये असेही त्याच प्रेक्षकाला मनापासून वाटे. या गोष्टीला साठ वर्षे उलटली. लखोबाचे नाव आज मराठीत म्हणीसारखे वापरले जाते. त्याने फसवलेल्या बायकांपैकी एकीचे तरी नाव आपल्याला पटकन आठवते का?

कथा-कादंबऱ्यांतले आणि पडद्यावरचे दुर्वर्तनी नायक आपल्याला का आवडतात, या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले म्हणजे समाज बिघडला, म्हणून त्याचे नायकही बिघडले. हे उत्तर इतिहासापुढे टिकत नाही. १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये अशोककुमार पाकीटमार होता आणि कोलकात्याच्या रॉक्सी थिएटरात तो चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच्याही कितीतरी शतके आधी भासाने ‘ऊरुभंग’ लिहून मांड्या फुटून पडलेल्या दुर्योधनासाठी प्रेक्षकांचे डोळे ओले केले होते. दुसरे उत्तर असे की, आपल्याला जे करायची हिंमत नाही ते हा नायक करतो. यात तथ्य आहे. रिबेका क्रॉस आणि डेरेक रकर या अमेरिकन संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका संकेतस्थळाच्या दोन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची आवडनिवड तपासली, तेव्हा आपल्याशी गुण जुळणारा खलनायक लोकांना जास्त ओढून घेतो असे त्यांना दिसले. प्रत्यक्षात अशा माणसाशी आपले साम्य दाखवले तर आपण दुखावले जाऊ, पण कथेच्या आडोशाला ते साम्य बोचत नाही. आपल्याकडे भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाचा विचार मांडला, तो याच्या फार जवळचा आहे. रंगमंचावरची भावना माझी नसते आणि शत्रूचीही नसते, म्हणून तिचा नुसता आस्वाद घेता येतो; तिची किंमत पदरची मोजावी लागत नाही. तरीही एक कोडे या उत्तरानेही सुटत नाही. तेच दुष्कृत्य एका कथेत आपल्याला संतापजनक वाटते आणि दुसऱ्या कथेत रुबाबदार वाटते, ते का?

निळू फुल्यांचे उदाहरण घेऊ. ग्रामीण चित्रपटांतला त्यांचा पाटील किंवा सरपंच हा मराठी प्रेक्षकाच्या, विशेषतः बायकांच्या, तिरस्काराचा धनी होता. त्या पाटलाकडे काय नव्हते? सत्ता होती, बुद्धी होती, भाषेवर हुकमत होती, कुणालाही न भिणारी बेदरकार चाल होती. आज ज्या गुणांवर प्रेक्षक फिदा होतात ते सगळेच त्याच्यापाशी होते. तरी त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही, कारण ती कथा वाड्यात बसून सांगितलेली नव्हती. ती शेतमजुराच्या घरातून सांगितलेली होती आणि पाटील त्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभा असलेला धोका होता. हाच चित्रपट उलटा करा. पाटलाच्या बालपणापासून सुरुवात करा, त्याच्या बापाचा झालेला अपमान दाखवा, आईचे आजारपण दाखवा, तिसऱ्या रिळापर्यंत त्याच्या शत्रूला त्याच्याहून हलकट करून ठेवा, आणि ज्या पोरीला तो उचलून नेतो तिला दोन मिनिटांत पडद्याबाहेर काढा. माणूस तोच राहील, गुन्हाही तोच, आणि प्रेक्षक मात्र शिट्ट्या मारतील. माझे म्हणणे एवढेच की, अनैतिक नायकाचे कौतुक त्याच्या अनैतिकतेवर फारसे अवलंबून नसते. त्याच्या कर्माचा भार ज्याच्यावर पडला, त्या माणसाला कथेने किती जागा दिली यावर ते ठरते.

माध्यमांचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रक्रियेचा एक टप्पा नीट हेरला आहे. प्रेक्षक पात्राचे वर्तन तोलून मग त्याला पसंत करतो, अशी जुनी समजूत होती. आर्थर रेनी या अभ्यासकाने २००४ मध्ये हा क्रम उलटा करून पाहिला: अनेकदा पसंती आधी ठरते आणि समर्थन मागाहून शोधले जाते. १९९३ च्या ‘बाजीगर’मध्ये हे उघड दिसते. शाहरुख खानने रंगवलेला नायक आपल्यावर प्रेम करणाऱ्या सीमाला उंच इमारतीवरून ढकलून देतो. तिचा दोष एवढाच की ती मदन चोप्राची मुलगी आहे. पुढे चित्रपट नायकाची जुनी जखम उघडून दाखवतो. चोप्राने बळकावलेली कंपनी, वडिलांचा आणि धाकट्या बहिणीचा मृत्यू, भ्रमिष्ट झालेली आई. हे दुःख खोटे नाही. पण नायकाचे येणे असलेल्या खात्याचे पान न् पान उलगडले जाते आणि सीमाचे त्याच्याकडून जे येणे होते, त्याचे पान तिच्या मृतदेहाबरोबर मिटते. शेवटी आईच्या मांडीवर मरणाऱ्या नायकासाठी आपण रडतो. त्या भूमिकेसाठी शाहरुखला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि अभिनय त्या तोलाचा होताच. खटकते ते सीमाचे इतक्या सहज विसरले जाणे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि त्याला बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. गुंड, तस्कर, डाकू या नायकांवर लोकांनी प्रेम केले ते कायदा गरिबाच्या कामी येत नव्हता म्हणून, असे हा आक्षेप सांगतो. लोक गुन्ह्यावर नव्हे, बंडावर भाळले होते. १९७५ चा ‘दीवार’ हा या बाजूचा सर्वात भक्कम पुरावा आहे. बाप कामगारांचा पुढारी, त्याला कोंडीत पकडून मोडले जाते. मुलाच्या हातावर बाप चोर असल्याचे गोंदले जाते. तो मुलगा गोदीत हमाली करत करत तस्कर होतो. अमिताभ बच्चनच्या विजयमध्ये त्या काळच्या कितीतरी तरुणांनी आपली धुमसणारी चीड पाहिली, आणि ती चीड न्याय्य होती हे मला पूर्ण मान्य आहे. पण याच चित्रपटातला एक प्रसंग पुन्हा पाहण्यासारखा आहे. पोलीस असलेला धाकटा भाऊ रवी पळणाऱ्या एका पोरावर गोळी झाडतो आणि मग त्याला कळते की पोराने चोरली होती ती भाकरी. रवी खायला घेऊन त्या पोराच्या घरी जातो, आईचा संताप झेलतो, आणि ए. के. हंगल यांनी साकारलेल्या निवृत्त शिक्षक बापासमोर मान खाली घालून उभा राहतो. पटकथाकार सलीम-जावेद यांनी प्रामाणिक भावाला त्याच्या हातून जखमी झालेल्या पोराच्या घरी नेले. विजयला त्यांनी कुठल्याच अशा घरी नेले नाही. तो सोन्याची तस्करी करतो, म्हणजे ज्याचा बळी डोळ्यांना दिसत नाही असाच गुन्हा लेखकांनी त्याच्यासाठी निवडला. एका भावाला हिशेब चुकता करावा लागला, दुसऱ्याला लागला नाही; आणि पन्नास वर्षांनंतर लोकांच्या मनात घर करून राहिला तो दुसरा. बंडाचे आकर्षण खरे आहे, पण ते इतके निर्मळ राहावे म्हणून केवढी काळजी घेतली गेली होती तेही पाहायला हवे. आणि त्या चिडीला जे सामाजिक कारण होते, तेही पुढे गळून पडले. २०१९ च्या ‘कबीर सिंग’चा नायक सुखवस्तू घरातला शल्यविशारद आहे, त्याच्यावर कुठल्याही व्यवस्थेने अन्याय केलेला नाही. काचेचा ग्लास फोडला म्हणून तो घरकाम करणाऱ्या बाईच्या मागे धावतो आणि हा प्रसंग विनोद म्हणून घेतलेला आहे. प्रेक्षागृह हसते. ती बाई पळता पळता पडद्यावरून निघून जाते, आणि तिचे पुढे काय झाले हे सांगण्याची गरज कुणाला वाटत नाही.

मराठी वाचकाला हा मुद्दा हिंदी चित्रपटांपुरता वाटू नये, म्हणून आपल्या लाडक्या पुस्तकाकडे वळतो. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आली आणि कर्ण घराघरांत पोचला. जन्माने नाकारलेला, कर्तृत्वाने उजळलेला, दानात सर्वस्व देणारा, मैत्रीसाठी मरणारा. या कर्णावर मराठी माणसाने जितके प्रेम केले तितके क्वचितच दुसऱ्या पात्रावर केले असेल. पण महाभारताच्या सभापर्वात हाच कर्ण द्रौपदीला भर सभेत अपशब्द वापरतो आणि तिची वस्त्रे काढून घ्यायला दुःशासनाला सांगतो. ‘मृत्युंजय’ ही आत्मकथनांची कादंबरी आहे. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण आणि कृष्ण बोलतात. सहा जणांना आपापली बाजू मांडायला मिळते. द्रौपदीला मिळत नाही. सावंतांच्या लेखणीची ताकद मान्य करूनच मी हे म्हणतो आहे, आणि कर्णाची बाजू मांडण्याचा त्यांचा अधिकारही मला मान्य आहे. तरी त्या सभेत जिच्यावर प्रसंग गुदरला तिच्या तोंडून तो प्रसंग आला असता, तर कर्णावरचे आपले प्रेम एवढे निर्वेध उरले असते का? याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. १९६७ मध्येच, याच भाषेत इरावती कर्वे यांचे महाभारतावरचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इरावतीबाईंनी कर्णावर लिहिले आणि द्रौपदीवरही लिहिले. त्यांचा कर्ण वाचून भक्ती निर्माण होत नाही, एका होरपळलेल्या माणसाची ओळख होते. आणि मूळ व्यासांनी तर त्या सभेत द्रौपदीला असा प्रश्न विचारू दिला की धर्म जाणणारे भीष्मही त्याचे उत्तर देऊ शकले नाहीत: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा हक्क उरला होता का? महाभारतात कर्णाला मोठेपण आहे, त्याच्याविषयी करुणा आहे, आणि द्रौपदीचा प्रश्नही आहे. आपण वाचकांनी पहिल्या दोन गोष्टी जपल्या.

आता माझ्याच म्हणण्यावर उलटणारे एक उदाहरण. ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८ ते २०१३) या अमेरिकन मालिकेत वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा शिक्षक कर्करोगाचे निदान झाल्यावर घातक अमली पदार्थ तयार करू लागतो आणि हळूहळू निर्दय गुन्हेगार बनतो. या मालिकेने बळी लपवला नाही. नवऱ्याच्या कर्मांनी जिचे घर पोखरले ती बायको, स्कायलर, पहिल्यापासून शेवटपर्यंत पडद्यावर आहे. तरी प्रेक्षकांच्या मोठ्या गटाने तिचाच द्वेष केला. तो इतका वाढला की ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांना २०१३ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहावा लागला; पात्रावरचा राग आता अभिनेत्रीवर निघू लागल्याचे त्यांनी त्यात सांगितले. म्हणजे बळीला चेहरा दिला तरी पुरत नाही? खरोखरच पुरत नाही. आपण त्या घरात वॉल्टरबरोबर शिरलेलो असतो, त्याचे गुपित आपल्याला ठाऊक असते आणि तिला बराच काळ नसते. तिचा प्रत्येक रास्त प्रश्न आपल्याला अडथळा वाटतो, कारण कथा पुढे जायची तर तिने गप्प बसणे भाग असते. गुपितात सामील करून घेतलेला प्रेक्षक हा साथीदार असतो, आणि साथीदाराला चौकशी करणारा माणूस कधीच आवडत नाही. स्कायलर दिसत होती. तिच्या डोळ्यांनी वॉल्टर मात्र फार थोडा वेळ दिसला. हे लक्षात घेतल्यावर माझे विधान थोडे दुरुस्त करायला हवे. बळीला नुसती हजेरी मिळून भागत नाही, साक्ष मिळावी लागते. ‘तो मी नव्हेच’मध्ये ती मिळते. लखोबाच्या प्रत्येक कोटीनंतर रंगमंच फिरतो आणि त्या कोटीची किंमत कुणी मोजली ते समोर येते. म्हणून तिथे दाद देणारा प्रेक्षक लखोबाच्या बाजूला जात नाही.

अशी अपेक्षा म्हणजे कलेवर नैतिक पहारा बसवणे, असे कुणी म्हणेल. मला पहारा नको आहे, आणि पहारेकऱ्यांचा अनुभवही या बाबतीत बोलका आहे. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये कमलाकर सारंगांनी उभे केले. टाकून दिलेल्या बायकांना घरी आणून आपल्या अटींवर ठेवणारा हा सखाराम, आणि त्या भूमिकेत निळू फुलेच. पण इथे लक्ष्मी आणि चंपा यांना स्वतःची भूक आहे, श्रद्धा आहे, क्रौर्यही आहे. सखाराम जितका कळत जातो तितक्याच त्याही कळत जातात, त्यामुळे प्रेक्षकाला आरामात कुणाच्या बाजूने बसता येत नाही. याच नाटकावर परिनिरीक्षण मंडळाची वक्रदृष्टी पडली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. सारंगांनी ‘बाइंडरचे दिवस’मध्ये तो लढा लिहून ठेवला आहे. ज्या कलाकृतीत पीडित बोलतात ती अश्लील आणि घातक ठरली, आणि ज्यांत ते मुके राहतात त्या निर्वेधपणे पडद्यावर झळकत राहिल्या. तेव्हा बंदीकडून कसलीही आशा नाही. लेखकाने दुष्टाच्या मनात खोल उतरावे. तो त्याचा धर्मच आहे. प्रश्न विचारायचा तो वाचकाने आणि समीक्षकाने, आणि तोही कथा संपल्यावर: मी ज्याच्यासाठी टाळी वाजवली, तो कुणाचे देणे लागतो?

शेवटचा आक्षेप सर्वात साधा आहे. हे सगळे खोटे असते, लोकांना ते कळते, लखोबा पाहून कुणी भामटा झाला नाही. खरे आहे. प्रेक्षक अनुकरण करतो असे मी म्हणतच नाही. सवय लागते ती ऐकण्याची: कुणाची गोष्ट पूर्ण ऐकायची आणि कुणाची तोडायची. २०२० मध्ये ‘स्कॅम १९९२’ ही दहा भागांची मालिका आली आणि शेअरदलाल हर्षद मेहता पुन्हा एकदा चाळीतून वर आलेला जिद्दी माणूस म्हणून तरुणांच्या गळ्यातला ताईत झाला, मालिकेचे शीर्षक-संगीत फोनफोनवर वाजू लागले. हा माणूस कल्पित नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने १९९२ च्या त्या रोखे घोटाळ्याचा आकडा सुमारे ४ हजार कोटी रुपये काढला होता, आणि बाजार कोसळला तेव्हा लहान गुंतवणूकदारांची आयुष्यभराची बचत बुडाली होती. त्या माणसांना दाद मागायला जागा नव्हती तेव्हाही, आणि अठ्ठावीस वर्षांनी गोष्ट सांगितली गेली तेव्हा आपण तिच्यात त्यांना शोधलेही नाही. उद्या एखाद्या यशस्वी, देखण्या, कर्तबगार माणसाविरुद्ध कुणी स्त्री तक्रार घेऊन उभी राहील, तेव्हा आपण आधी त्याचे कर्तृत्व आठवू की तिचे म्हणणे ऐकून घेऊ, हे काही अंशी अशा सवयींनीच ठरते. म्हणून या साध्या आक्षेपाचे उत्तर मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

‘दीवार’च्याच वर्षी, १९७५ मध्ये, मराठीत ‘सामना’ आला. लेखन तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. निळू फुल्यांनी उभा केलेला हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखानदारीतून मोठा झालेला, गावावर एकहाती हुकूम चालवणारा माणूस. तो पाहुणचार करतो, हसवतो, त्याच्या बोलण्यात रांगडी गोडी आहे, आणि त्याला भरभरून दाद द्यावी असाच तो अभिनय आहे. पण श्रीराम लागूंचा दारूत बुडालेला मास्तर त्याच्या वाड्यावर राहून, त्याचे अन्न खाऊन, एका नाहीशा झालेल्या माणसाचे काय झाले हे विचारत राहतो. पाहुणचाराने तो प्रश्न बुजत नाही, धमकीनेही बुजत नाही. आज पन्नास वर्षांनंतर त्या चित्रपटातले एक नाव महाराष्ट्रातल्या सभांत, अग्रलेखांत आणि गप्पांत अजूनही घेतले जाते, एखाद्याच्या मरणाचा जाब मिळत नसला की हमखास घेतले जाते. ते नाव हिंदुरावाचे नाही, मारुती कांबळेचे आहे.